खांदा सगळ्यांत शेवटी

"मला नाही व्हायचं ताराराणी. दुसऱ्या कुणाला तरी करा." भाचीने सुट्टी लागायच्या आधीच फोनवर सांगून टाकलं. बेळगावच्या शिवजयंतीबद्दल आपल्या वाचकांना वेगळं काही सांगायला नको. वैशाख शुद्ध द्वितीयेची जयंती, मग चित्ररथांची ती रात्रभर चालणारी मिरवणूक, गल्लोगल्लीचे जिवंत देखावे आणि पहाटेपर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना दाटीवाटीने बसलेली माणसं. मागच्या वर्षी आमची भाची गल्लीच्या चित्ररथावर ताराराणी होऊन उभी होती. एक हात घोड्याच्या लगामावर, दुसऱ्या हातात उंच धरलेली पत्र्याची तलवार. सगळ्यांनी कौतुक केलं. फोटोही छान आले. घरी आल्यावर आईने पोशाख उतरवला, तेव्हा उजव्या खांद्यावर बोटभर रुंदीचा लालबुंद वळ होता, आणि डाव्या बाजूची पट्टी तर खांद्यावरून घसरून पार दंडावर आलेली. पोरीने रात्रभर कोपर अंगाशी दाबून ती धरून ठेवली होती. सोळा वर्षांची मुलगी. गर्दीसमोर, दिव्यांच्या झोतात. पट्टी सुटली तर काय, एवढा एकच विचार तिच्या डोक्यात होता. ताराराणीचा तिला त्या रात्री विचारसुद्धा शिवला नाही, असं तिने मला नंतर सांगितलं.

पोशाख भाड्याचा होता. तो कुठून आणला, ते इथं महत्त्वाचं नाही. मखमलीची बिनबाह्यांची बंडी, आत पुठ्ठ्यासारखा कडक कॅनव्हास, वर सोनेरी जर, आणि खांद्यावर रेक्झिनच्या दोन सरळ पट्ट्या. कुणालाही यावा असा शिवलेला, म्हणून कुणालाच नीट न येणारा.

मी कॉलेजात इतिहास शिकवते. १७०० सालच्या मार्च महिन्यात सिंहगडावर राजाराम महाराज वारले, ताराबाईंनी आपल्या लहान मुलाला गादीवर बसवलं आणि १७०७ मध्ये औरंगजेब मरेपर्यंत कारभार आणि लढाई दोन्ही पेललं, हे मी गेली वीस वर्षं फळ्यावर तारखा लिहून सांगते आहे. १७०० मध्ये त्या अवघ्या पंचविशीच्या होत्या, हेही सांगते. पण ही बाई त्या सात वर्षांत एका गडावरून दुसऱ्या गडावर जाताना अंगावर काय घालत असेल आणि ते तिला कुठे काचत असेल, असा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. तो भाचीच्या खांद्यावरच्या वळाने पडला. मी तिला शब्द दिला की यंदाची बंडी आपण घरी शिवू, हाताने शिवू, आणि ती काचली तर तू मधूनच उतरलीस तरी चालेल.

शब्द दिला खरा. पण मला शिवण येते ती हेम आणि बटण लावण्यापुरती. म्हणून मे महिन्याची वाट न पाहता आम्ही दोघी जांबोटीला आत्याकडे गेलो.

जांबोटी म्हणजे चोर्ल्याच्या घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं माहेर. बेळगाव उन्हाने पोळत असतं तेव्हाही इथं पहाटे पांघरूण लागतं. पुढे कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, आणि पावसाळ्यात तर इथं घराबाहेर पडायचं म्हणजे इरलं किंवा घोंगडं. या पावसाने आमच्या भागातल्या बायकांना एक कला दिली आहे. चार महिने घरात कोंडून राहायचं, म्हणून उन्हाळ्यात वाकळी शिवायच्या. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालायचे आणि कडेपासून सुरुवात करून आत आत धावदोरा घालत यायचं. कानडी बायका तिला कौदी म्हणतात, हल्याळकडच्या सिद्दी बायकांची कवंदी आता शहरातल्या प्रदर्शनांतून विकली जाते. आमच्याकडे अजून ती अंथरूण-पांघरूणच आहे.

आत्या शहात्तर वर्षांची. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली. ती दिसण्यापेक्षा बोटांवर जास्त शिवते. आम्ही पोचलो तशी तिने मला पहिलं काम सांगितलं, "दहा सुया ओवून उशीला टोचून ठेव." मी दिवसभर सुया ओवत होते.

लढाईत घालायचं कापडी कवच ही काही नाटकवाल्यांची कल्पना नव्हे. लोखंडी कड्यांचं चिलखत महाग आणि जड, ते सगळ्यांना परवडणारं नव्हतं. कापसाचे किंवा सुती कापडाचे अनेक थर शिवून केलेलं जाड कवच हिंदुस्थानात ठिकठिकाणी वापरात होतं. टिपू सुलतानाच्या काळातली अशी कवचं इंग्लंडमधल्या संग्रहांत आजही आहेत. युरोपात मध्ययुगात शिपाई असाच जाड शिवलेला झगा घालत, कधी लोखंडाच्या आत, कधी नुसताच. तलवारीचा वार थरांत अडकतो, धक्का थरांत जिरतो, हे त्यामागचं साधं तत्त्व. हे सगळं मी आत्याला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे वाकळच की गे."

वाकळच. आईच्या जुन्या शहापुरी लुगड्याचे सहा थर, वर गुळेदगुड्डच्या खणाचं कापड. खण अरुंद विणलेला असतो, दोन्ही बाजूंना काठ, आणि दुकानात तो तिकोनी घडी घालून ठेवलेला असतो हे आपण ओटी भरताना पाहतोच. आम्ही काठ बरोबर छातीच्या मधोमध उभा येईल असा बसवला. पाठ एक तुकडा, पुढा एक तुकडा, दोन्ही कुशींना बाराबंदीला असतात तसे बंद. बंदांमुळे बंडी अंगासरशी कमी-जास्त करता येते. पाच दिवसांत हे सगळं धावदोऱ्याने भरून निघालं. इथवर काहीच अडलं नाही, म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

अडलं ते खांद्यावर, आणि चूक माझी होती.

मला वाटलं, पट्ट्या म्हणजे काय, दोन लांब तुकडे. आत्या दुपारची पडली होती तेव्हा मी भाड्याच्या बंडीच्या फोटोवरून अंदाज घेतला, भाचीच्या एका ड्रेसवर टेप धरली, उरलेल्या खणातून दोन पट्ट्या कापल्या आणि शिवूनही टाकल्या. कापड वाचावं म्हणून त्या कोपऱ्यातून तिरक्या काढल्या होत्या. संध्याकाळी आत्याने हातात घेऊन एक पट्टी दोन्ही टोकांनी ओढली. ती वीतभराची सव्वा वीत झाली.

"हे रबर कुणी लावलं?"

उरेब कापड ताणतं, हे शिवण शिकणारी शाळकरी मुलगीही सांगेल. गळ्याला, गोटाला तेच लागतं, कारण तिथे वळायचं असतं. पण जिथे धरून ठेवायचं आहे तिथे उभा धागाच हवा, पट्टीच्या लांबीला समांतर. रात्रभराच्या घामाने आणि ओढीने उरेब पट्टी तासातासाला लांबत जाते. मागच्या वर्षीची पट्टी रेक्झिनची होती, ती लांबली नसावी, ती जागाच चुकून घसरली. माझी पट्टी जागेवर राहून घसरली असती. इतिहासाच्या प्राध्यापिकेने आणखी एक मार्ग शोधून काढला होता, एवढंच.

आत्याने दोन्ही पट्ट्या उसवल्या. मग म्हणाली, "खांदा सगळ्यांत शेवटी. आणि जमिनीवर ठेवून कधी नाही. तिला बोलाव."

भाचीला बंडी घातली, कुशीचे बंद बांधले. कमरेला आत्याने स्वतःच्या हाताने शेला घट्ट गुंडाळला आणि बंडीची खालची कड त्यावर टेकवली. पट्ट्या नव्हत्याच अजून. "आता चाल. उड्या मार. जिना चढ-उतार कर." पोर हसत हसत अंगणात पळून आली. बंडी जागची हलली नाही.

"बघितलंस? ओझं कमरेनं घ्यायचं. खांद्यानं नुसतं धरायचं."

मला वाटतं या सगळ्या कामातली किल्ली हीच होती. भाड्याच्या बंडीला कमरेशी आधारच नव्हता. तिचा सगळा भार त्या दोन पट्ट्यांवर लोंबत होता, म्हणून एक पट्टी रुतली आणि दुसरी घसरली. रानातून लाकडाची मोळी आणणाऱ्या बायका कमरेला पदर कसून का बांधतात, ते आत्याने मला विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली नाही. हल्ली डोंगर चढणाऱ्या मुलांच्या पाठपिशव्यांना कमरेचा पट्टा असतो, तोही त्यासाठीच.

मग पट्टीची जागा. आत्याने बोटांनी मोजलं. पाठीकडे मणक्यापासून दोन्ही बाजूंना चार चार बोटं, म्हणजे मागे पट्ट्या जवळजवळ. पुढच्या बाजूला मात्र त्या बगलेकडे सरकलेल्या. वरून पाहिलं तर दोन्ही पट्ट्या मागे एकमेकींकडे झुकलेल्या दिसतात. मला ते वाकडं वाटलं, मी दोन्हीकडे सारखं अंतर ठेवावं म्हणून हट्ट धरला. आत्याने वाद घातला नाही. माझ्या म्हणण्याप्रमाणे टाचण्या लावल्या आणि भाचीला म्हणाली, "खांदे पाड बघू, दमल्यासारखे." पट्टी तत्काळ घसरली. खांदा बाहेरच्या अंगाला उतरता असतो. सरळ पट्टी उतारावरून खाली जाणारच. मागे आत ओढली, की तिला गळ्याच्या बाजूने धरून ठेवणारं कुणीतरी असतं.

उताराची दुसरी खोड अशी, की सरळ पट्टी खांद्यावर ठेवली तर गळ्याकडची कड ताणून बसते आणि बाहेरची कड उभी राहते. त्या उभ्या कडेत बोट जात होतं. आत्याने पट्टी बरोबर खांद्याच्या माथ्यावर कापली, दोन तुकडे केले आणि पुन्हा जोडले, पण जोड तिरका. बाहेरच्या बाजूने पाऊण बोट कापड आत दाबलं, गळ्याच्या बाजूने जवळजवळ काहीच नाही. पट्टी अंगावर अशी बसली की जणू तिथेच उगवली आहे.

"आता हात वर."

तलवार अजून आली नव्हती. भाचीच्या हातात ताकाची रवी दिली. ताराराणी रवी उगारून सोप्यावर उभी राहिली, शेजारची दोन पोरं खिडकीतून बघून फिदीफिदी हसली, आणि मला त्या क्षणी मागच्या वर्षीचा वळ कसा पडला ते दिसलं. हात वर गेला की खांद्याचं हाड वर उचललं जातं आणि गळ्याकडे सरकतं. हात खाली असताना जी पट्टी छान बसली होती, ती आता मानेत घुसत होती, आणि बंडीची उजवी बाजू बोटभर वर आली होती. शिंपी माप घेतो तेव्हा आपण हात खाली सोडून, श्वास धरून, फोटोला उभं राहिल्यासारखे उभे असतो. ते माप उभं राहणाऱ्याचं असतं. तलवार धरणारीचं माप तलवार धरूनच घ्यायला हवं.

यावर आत्याने केलं ते मला अजून आठवतं. तिने आपल्या कपाटातून स्वतःच्या तीन-चार चोळ्या काढून माझ्यापुढे टाकल्या. ती अजून नऊवारी नेसते आणि पुढे गाठ मारायची चोळी हातानेच शिवते. "उजवी बगल बघ." प्रत्येक चोळीला बगलेत तिकोनी तुकडा होता, हात वर जावा म्हणून घातलेला. आणि प्रत्येक चोळीत उजवा तुकडा डाव्यापेक्षा मोठा होता. मी लहानपणापासून ही बाई पाहते आहे. तिला भाताच्या पेंढ्या वर फेकताना, आढ्याला टोपली टांगताना, विहिरीवर रहाट ओढताना पाहिलं आहे. तिच्या चोळीच्या दोन बगला वेगळ्या आहेत हे मला कधी दिसलं नव्हतं.

"उजव्या हाताला जास्त काम, म्हणून त्याला जास्त माया."

माया म्हणजे शिवणीत आत सोडलेलं जादा कापड. शिवणाऱ्या बायकांचा हा रोजचा शब्द आहे. मी तो पंचेचाळीस वर्षं ऐकते आहे.

त्या दिवशी उजवा मुंढा आम्ही बोटभर खोल कापला आणि उजवी पट्टी दोन बोटं आत घेतली. डावी होती तिथेच राहिली, कारण डावा हात लगामावर, खालीच असायचा. शिवाय भाचीचा डावा खांदा उजव्यापेक्षा किंचित उतरता निघाला. आत्याचं म्हणणं, एकाच खांद्यावर दप्तर लटकवून शाळेत गेल्याचा हा परिणाम. ते खरं असो नसो, दोन पट्ट्यांची लांबी सारखी नव्हती एवढं नक्की. कागदावर काढलेली सारखी पट्टी कुठल्याच माणसाला बसत नसावी.

रंगभूमीवरचे लोक हे जाणत असणार. आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० मध्ये संगीत शाकुंतल रंगभूमीवर आणलं, तेव्हापासून पुढे कित्येक वर्षं शकुंतला आणि सुभद्रा पुरुषच करत. पुरुषाचा रुंद खांदा चोळीत आणि पदरात बसवायचा, म्हणजे त्या कपडेपटावरच्या माणसाने किती उसवलं आणि किती शिवलं असेल. नाव मात्र नटाचं झालं, आणि त्यात काही चूक आहे असं मी म्हणत नाही. फक्त आता बालगंधर्वांचे जुने फोटो पाहताना माझी नजर आधी खांद्यावर जाते.

पट्टीचं पुढचं टोक शिवून टाकायचं की बांधायचं, यावर आमचं पुन्हा वाजलं. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी फोनवर "बाई, सरळ सेफ्टी पिन मारा," असा सल्ला दिला होता. मी पिनेला विरोध केला, कारण एक तर ती उघडते, आणि दुसरं म्हणजे १७०० साली सेफ्टी पिन नव्हती. जॅनेट आर्नल्ड नावाच्या इंग्रज बाईंनी संग्रहालयांतले जुने कपडे प्रत्यक्ष मोजून त्यांचे नकाशे छापले, १९६४ पासून त्यांची पुस्तकं निघत गेली. जुन्या कपड्यांचं असं काम करणाऱ्यांमुळेच आपल्याला कळतं की अठराव्या शतकातल्या युरोपीय बायकांच्या कडक काचोळीला पट्टी असली, तर ती बहुधा मागे शिवलेली आणि पुढे भोकांतून फितीने बांधलेली असे. म्हणजे अंग सैल झालं, आवळलं, दमलं, की फीत सोडून पुन्हा बांधायची. मी हे सांगितल्यावर आत्या म्हणाली, बांधायचं तर बांधू, त्याला इंग्रज कशाला पाहिजे, बाराबंदी काय शिवून टाकतात?

म्हणून पट्टीच्या पुढच्या टोकाला तीन काज, बंडीच्या वरच्या कडेला दोन, आणि मधून सुती नाडी. मागचं टोक थरांच्या वर नव्हे, थरांच्या मध्ये खुपसून, चौकोनात आडव्या-उभ्या टिपा घालून शिवलं, म्हणजे ओढ एका ओळीवर न पडता सगळ्या चौकोनावर पसरते. उजवी पट्टी आत्याने शिवली. डावी शिवताना तिचा हात थांबला. तिचा उजवा खांदा दोन वर्षांपासून आखडला आहे, हात कानाच्या वर जात नाही, आणि जाड थरातून सुई वर ओढताना त्याच खांद्याला कळ येते, हे तिने तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. सुई माझ्याकडे देऊन ती म्हणाली, "डावी तू कर. डावीला काम कमी आहे."

मी केली. दोनदा उसवली. तिसऱ्यांदा तिने बोट फिरवून पाहिलं आणि काही बोलली नाही.

मिरवणुकीच्या रात्री मी रस्त्याच्या कडेला साडेनऊपासून बसले होते. आमचा चित्ररथ आला तेव्हा मध्यरात्र उलटली होती. ढोल, ताशे, धूर, दिवे. लोक घोडा पाहत होते, मुलगी पाहत होते, मी फक्त तिचा डावा खांदा पाहत होते. उजवा हात वर होता, तलवार वर होती, बंडी जागच्या जागी. डावी पट्टी मला थोडी सैल वाटली. मग चित्ररथ चौकाच्या तोंडाशी अडकला, पुढे कुणाचं तरी झांजपथक थांबलं होतं. त्या पाच मिनिटांत भाचीने तलवार खाली केली, शांतपणे डाव्या पट्टीची नाडी सोडली, एक काज वर घेतलं, गाठ मारली, आणि तलवार पुन्हा वर केली. गर्दीतल्या कुणाच्या लक्षातही आलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, तिला मी तिथे आहे हे ठाऊकही नव्हतं.

सकाळी आठलाच जांबोटीहून फोन. बक्षीस मिळालं का, लोक काय म्हणाले, यातलं काही नाही.

"खांदा कसा आहे पोरीचा?"

"वळ नाही. नुसता घामाचा ठसा आहे."

"कुठली सरकली?"

मी जरा थांबले. "डावी. थोडीशी. पण तिने मधेच नाडी सोडून पुन्हा बांधली, आपली आपणच."

पलीकडे थोडा वेळ शांतता. "बांधली म्हणतेस? अंधारात?"

"अंधारात."

"बरं. पाऊस लागायच्या आत दोघी या. डावी बाजू उसवून नीट करू. आणि पोरीला सांग, सुया तिने ओवायच्या."